तांब्याभर पाणी आणि तुर्कस्तान

मी पृथ्वीचा गोल. अवघं जग अंगावर घेऊन बसलोय, तरी स्वभावाने फार भित्रा आहे. बोलताना आवाज थरथरला तर सांभाळून घ्या.

भीती माझ्या जन्मातच आहे. दिल्लीकडच्या एका कारखान्यात पुठ्ठ्याच्या दोन वाट्या एकमेकींना चिकटवल्या, त्यांच्यावर संत्र्याच्या फोडींसारखे कापलेले रंगीत कागद डकवले आणि मी तयार झालो. विषुववृत्तावर माझा सांधा आहे. कोणी जोरात फिरवलं की तो उकलणार असंच मला वाटतं. गोंदियाच्या बाजारात मला दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं होतं. तिथून खाली बघायचं धाडस मला कधी झालं नाही.

मला विकत घेतलं रत्नपालने. तो बिरसीच्या विमानतळावर प्रवाशांचं सामान विमानात चढवतो. स्वतः मात्र विमानात कधी बसलेला नाही. त्या दिवशी तो बायकोसाठी, अल्कासाठी स्वेटर घ्यायला आला होता. अल्काला जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात. थंडी लागू द्यायची नाही, दगदग करायची नाही, पाणी सतत पीत राहायचं. त्याच सकाळी डॉक्टरांनी बजावलं होतं, उंच पहाडावर जायचं नाही आणि आम्हाला विचारल्याशिवाय विमानाचं नाव काढायचं नाही. अल्काचा जीव तर सगळा विमानातच. रत्नपालने स्वेटर घेतला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मलाही पिशवीत घातलं.

"हे घे," घरी येऊन तो अल्काला म्हणाला. "इमानात नाही बसवू शकलो, म्हणून दुनियाच घरी आणली."

त्याची आई धुरपताबाई चुलीपुढून ओरडली, "घरात लेकरू नाही, अन् चेंडू कायले आणला बापा?"

अल्का घरी शिलाई करायची. मशीनजवळच्या खिडकीत मला जागा मिळाली. वरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं घरघरत जायची आणि एखादं आपल्यावरच पडेल म्हणून मी अंग चोरायचो. एक ब्लाउज शिवून झाला की अल्का डोळे मिटून मला फिरवायची आणि बोट टेकवायची. बोट थांबेल तो त्या दिवशीचा देश. मग मोबाइलवर तिथल्या लोकांची माहिती शोधून सासूला वाचून दाखवायची.

"आई, न्यूझीलंडात माओरी लोक भेटले का नाकाले नाक लावतात."

"अन् सर्दी झाली असन तं?"

स्पेनमध्ये नवं वर्ष लागताना घड्याळाच्या ठोक्यागणिक एकेक द्राक्ष खातात, हे अल्काने घरी करून पाहिलं. मध्येच तिला ठसका लागला आणि धुरपताबाईने पाठीत गुद्दे घालून तिला स्पेनमधून परत आणलं. इथिओपियात जिवाभावाच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवतात, हे मात्र म्हातारीला पटलं. "तेथी माणसं राहतात म्हणायची," ती म्हणाली.

मग एकदा बोट तुर्कस्तानावर थांबलं. "आई, येथी कोणी प्रवासाले निघालं का घरची बाई त्याच्या मागं तांब्याभर पाणी सांडते. पाण्यासारखा सुखरूप जा, अन् पाण्यासारखा परत ये म्हणून."

धुरपताबाईचा चेहरा उतरला. "असं बोलू नोको वं. पाणी तं मयतीत सांडतात."

अल्का हसली. मला हसू आलं नाही. तिचं बोट अजून माझ्यावरच होतं आणि त्या दिवशी ते नेहमीपेक्षा गरम लागत होतं.

जानेवारीतली थंडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्काने मशीनवरून उठू पाहिलं आणि छाती धरून खालीच बसली. तिला श्वास घेता येईना. रत्नपाल कामावरून धावत आला. एकशेआठची गाडी दारात लागली. गाडीतला डॉक्टर म्हणाला, "गोंदियाला दाखवू, पण नागपूरला न्यावं लागेल असं समजा."

अल्काला उचलून गाडीत ठेवलं. दार लागायच्या आधी तिने सासूकडे पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं.

मी खिडकीतून सगळं पाहत होतो. गाडी सुरू झाली तशी धुरपताबाई घरात धावली, तांब्या भरून घेतला आणि उंबरठ्यावर थबकली. सांडावं तर मयतीसारखं, न सांडावं तर पोरगी परत कशी यायची? जमलेल्या बायकांतली सुशीलाबाई ओरडली, "काऊन वं धुरपता! काय करून राहिली?"

गाडी वळणावर गेली. धुरपताबाईने डोळे मिटले आणि पाणी सांडलं.

बायकांतली एक जण म्हणाली, "अशुभ केलं म्हातारीनं." माती ओली झाली, पाणी गाडीच्या चाकोरीत उतरलं आणि थोडं पुढे जाऊन जिरलं. त्या क्षणी मला वाटलं, माझा सांधा आता उकलतो. अल्काने ते माझ्यावर बोट ठेवून सांगितलं होतं. तिला काही झालं असतं तर तो दोष माझाही होताच.

पुढचे दिवस घरात धुरपताबाई आणि मी, आम्ही दोघंच. मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाउज तसाच पडलेला. रत्नपालचा फोन यायचा, रक्त चढवून राहिले, ऑक्सिजन लावलाय, अजून काही सांगत नाहीत. फोन ठेवला की धुरपताबाई अंगणातल्या त्या जागेकडे बघायची.

एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. इतक्या दिवसांत तिने मला हात लावला नव्हता.

"कोठी हाय रे तुह्या अंगावर तो देश? खरंच पाणी सांडतात का तेथी, का पोरीनं मजाक केली?"

तिला वाचता येत नाही. तिने चाचपडत बोट ठेवलं ते अटलांटिक महासागरात. मला सांगायचं होतं, बाई, जरा उजवीकडे, खरंच सांडतात, तू चूक केली नाहीस. पण तिला ऐकू जाईल असं तोंड मला नाही. फिरून तुर्कस्तान तिच्या बोटाखाली आणावा, तर आपणहून फिरताही येत नाही. ती भर समुद्रात बोट धरून बसली, हळूहळू बुद्धाचं त्रिशरण म्हणाली, मग म्हणाली, "पाणी मीनंच सांडलं. कोणाले राग आला असन तं माह्यावर काढा. तिले पाठवा."

एवढं घाबरलेलं बोट मी जन्मात अनुभवलं नव्हतं. तेव्हा कळलं, या घरात भित्रा मी एकटा नाही.

अल्का परत आली. वाळून काटकी झालेली, पण आपल्या पायांनी चालत आली. धुरपताबाईने तिला चुलीजवळ बसवलं. वरण-भाताचा घास कालवून तिच्या तोंडात घातला, आणि दुसरा घालताना रडली.

आता उन्हाळा लागायचाय. थंडी गेली, ऊन अजून चढलं नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून आज सकाळी रत्नपाल अल्काला आगगाडीने दरेकशाला घेऊन गेलाय. तिचा हा पहिला खराखुरा प्रवास. डोंगरातलं लहानसं स्टेशन, भोवती जंगल, एवढंच ऐकून आहे. लंडन, टोकियो, कैरो कुठे आहेत मला विचारा, डोळे मिटून सांगेन. दरेकसा माझ्यावर छापलेलंच नाही. ती कुठे आहे ते मी पाहू शकत नाही, म्हणून सकाळपासून वाटेकडेच बघत बसलोय. धुरपताबाई दहा वेळा दारात जाऊन आली.

तुम्ही त्या बाजूला असाल तर एक विनंती आहे. फलाटावर एक किडकिडीत बाई दिसेल, पुन्हा पुन्हा बाटलीतलं पाणी पिणारी, सगळ्या झाडांकडे परदेशात आल्यासारखी बघणारी. तिच्याशी दोन शब्द गोड बोला. पण फार वेळ अडवू नका. संध्याकाळची गाडी तिला मिळाली पाहिजे.