सरांनी निवडलेली गिटार

वीरेंद्र सर वाईट माणूस होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सौसरात त्यांचा गिटारचा क्लास होता, आणि पांढुर्ण्याहून बसने येणारी धनश्री त्यांच्यापेक्षा सरस वाजवू लागली होती. नागपूरच्या एका स्टुडिओला नुसत्या बोटांनी एकेक तार छेडणारा गिटारवादक कायमचा हवा होता. त्याच जागेसाठी सरांना दोनदा नकार मिळाला होता. आता तिथून धनश्रीला बोलावणं आलं, आणि सरांच्या पोटात दुखायला लागलं.

"सर, गिटार तुम्हीच निवडून द्या," ती म्हणाली. "मले त्यातलं काय कळते?"

नागपूरच्या दुकानात तिने एक लहान अंगाची गिटार मांडीवर घेतली. एकेक तार वेगळी, स्वच्छ बोलली. दुकानदार हातातलं काम सोडून ऐकत राहिला. हीच ती, हे सरांना पहिल्या चार सुरांतच कळलं, आणि त्यांचा नुसता जळफळाट झाला.

"हे लेकराइची हाय," ते म्हणाले. "स्टुडिओत आवाज भरला पाह्यजे. ते मोठ्या पोटाची घे."

मोठ्या पोटाची गिटार जागरणाच्या मांडवात झोडायला ठीक होती. माइकपुढे ती घुमणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. धनश्रीने लहान गिटार खाली ठेवली आणि मोठी विकत घेतली. "नाही जमली तर आठवड्याभरात बदलून देतो," दुकानदार म्हणाला. म्हणून सरांनी तिला परस्पर जामसांवलीला नेलं, हनुमानापुढे नारळ फोडला आणि गिटारला शेंदूर लावला. पूजा झालेली वस्तू आता कोण परत करणार? भाबडी पोर हात जोडून उभी होती.

रेकॉर्डिंगच्या दिवशी व्हायचं तेच झालं. जाड तारा घुमत होत्या आणि बारीक सूर त्यात बुडत होते. तिसऱ्यांदा थांबवून रेकॉर्डिंग करणाऱ्या अपर्णा मॅडम काचेच्या खोलीतून बाहेर आल्या.

"हात सुरेख आहे तुझा. गिटारच गोंधळ घालतेय. आमची लहान घे, पुन्हा वाजव."

धनश्रीने सोबत आलेल्या सरांकडे पाहिलं. त्यांनी नुसतं 'घे' म्हटलं असतं तरी पोरीचं भलं झालं असतं. सर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले.

"नाही मॅडम. सरांनी निवडली हाय. मी हेच वाजवीन."

मॅडमनी आणखी दोनदा ऐकलं, आणि मग बाहेर बसलेल्या दुसऱ्या उमेदवाराला आत बोलावलं.

परतीच्या बसमध्ये ती बराच वेळ बोटं चोळत बसली. "सर, तुम्ही इतकी चांगली गिटार निवडून देली, अन् माह्याच बोटाइत दम नाही. तुमचं नाव खराब केलं मी."

खरं सांगायला अजूनही वेळ होता. सौसर यायला अर्धा तास होता.

"मले पयलेपासूनच वाटून राह्यलं होतं," सर म्हणाले. "तुले वाईट वाटन म्हणून बोललो नाही."

सर उतरायला उठले तेव्हा ती भर गर्दीत वाकून त्यांच्या पाया पडली. त्यानंतर तिने गिटारला कधी हात लावला नाही.