दादांची अट

भगवंतशेठनं आपले अकराच्या अकरा कॉम्प्युटर कांदा साठवायच्या बराखीत लपवलेत, ही बातमी आईनं आणली तेव्हा माझ्या हातातला चहा सांडायचाच राहिला. आई, जानकाबाई, त्यांच्याच रानात खुरपायला जायची.

"वरनं पोती टाकून झाकल्यात गं," ती म्हणाली, "आन शेठ सवता बराखीच्या दाराशी राखणीला बसल्यात. चोराची पावलं चोराला ठावं."

ही गोष्ट २००५ सालच्या फेब्रुवारीतली. तालुक्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासवर धाड पडली होती. डुप्लिकेट सीडीवरून सॉफ्टवेअर चढवलं म्हणून पोलिसांनी मशीन उचलून नेली आणि मालकाला दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. आमच्या भागात डुप्लिकेट सॉफ्टवेअर नसलेला कॉम्प्युटर शोधायचा तर दिवा घेऊन फिरावं लागलं असतं. त्यामुळे जो तो आपलं मशीन घेऊन लपायला लागला. राजुरीच्या स्टँडजवळचा भगवंतशेठचा क्लास रातोरात बंद झाला आणि त्याच्या बोर्डावर गोणपाट आलं.

मला वाईट वाटलं नाही. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझा धाकटा भाऊ राजरत्न तीन वर्षं त्या क्लासात नाव घालायला जात होता आणि तीन वर्षं त्याला एकच उत्तर मिळत होतं, बॅच फुल. त्याच्या मागून जाणाऱ्या पोराला मात्र खुर्ची मिळायची. आमच्या बुद्धवाड्यातलं एकही पोर त्या क्लासात कधी बसलं नाही. तोंडावर कुणी काही बोलत नव्हतं. शिवी दिली असती तर निदान भांडता तरी आलं असतं! त्या क्लासचं सर्टिफिकेट असलं की पतसंस्थेत नाहीतर मार्केट यार्डात चिकटता यायचं. राजरत्न बारावी होऊन घरी बसला होता, आणि त्याला दुसरं काही नको होतं, ते एक सर्टिफिकेट हवं होतं.

मी विहाराच्या मागच्या खोलीत एक जुनं मशीन मांडून आमच्या पोरांना शिकवायची. एका मशीनवर चौदा पोरं, म्हणजे एकानं बडवायचं आणि तेराजणांनी बघायचं. त्यावर लिनक्स हे मोफत सॉफ्टवेअर होतं. पुण्यात बीएस्सी करताना मी मुक्त सॉफ्टवेअरवाल्या पोरांच्या नादी लागले होते. ती पोरं सुट्टीच्या दिवशी सीड्या वाटत फिरायची. सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नको, ज्याला हवं त्यानं घ्यावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं, असं घसा कोरडा पडेस्तोवर सांगायची. मी ती सीडी गावात आणली तर गावानं नाक मुरडलं. फुकट मिळतंय म्हणजे काहीतरी खोट असणारच, हे आमच्याकडचं शहाणपण.

माझ्या वडलांना मात्र ते ताबडतोब कळलं. पोपट त्यांचं नाव, आम्ही दादा म्हणतो. नामांतराच्या लढ्यात तुरुंग बघून आलेला माणूस. कुठलीही गोष्ट चळवळ म्हणून सांगितली की दादांच्या डोक्यात शिरते, एरवी त्यांना मिक्सरसुद्धा लावता येत नाही.

"मेळावा घ्यायचा," धाडीची बातमी ऐकून दादा म्हणाले. "ज्यांनी ज्यांनी मशीन लपवल्यात त्यांना सांगायचं, विहारात घेऊन या. डुप्लिकेट पुसून हे आपलं चढवून देतो. मग येऊ दे किती धाडी यायच्या त्या."

"भगवंतशेठला पण?"

"त्याला पयला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं माझ्या भावाला तीन वर्षं दारातून परत पाठवलं, त्याचा बंद पडलेला क्लास मी चालू करून द्यायचा? मी दादांशी दोन दिवस बोलले नाही. त्यांना फरक पडला नाही. त्यांनी स्टँडच्या भिंतीवर निळीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मशीन घेऊन या. मोफत. कायदेशीर. बुद्धविहार, राजुरी.' मी मनात म्हटलं, कुत्रंसुद्धा फिरकणार नाही.

पण मार्च उजाडला आणि साठवणीचा गरवा कांदा काढणीला आला. कांदा काय कुणाच्या धाडीसाठी थांबतो? बराखी मोकळ्या करायलाच हव्या होत्या. मशीन स्टँडवर नेली तर पोलिसांची भीती, घरात ठेवली तर बायकांची कटकट.

रविवारी सकाळी आमची वंदना नुकतीच संपली होती आणि विहाराच्या पटांगणात पहिला टेम्पो शिरला. त्यामागून दुसरा आला. मग शेजारच्या डिंगोऱ्याचे गेणभाऊ मोटारसायकलवर धोतराच्या फडक्यात मॉनिटर बांधून आले, त्यांचाही तिकडे छोटा क्लास होता. कुणी कडब्याखालून मशीन काढून आणलं होतं, कुणी ज्वारीच्या कणगीतून. एकाचा डबा उघडला तर आतून पाल निघाली आणि मदतीला पुण्याहून आलेली मुक्त सॉफ्टवेअरवाली पोरं ओरडत पळाली. सगळ्या पटांगणात कांद्याचा वास सुटला.

पण मला धक्का बसला तो चपलांचा. विहाराच्या पायरीशी चपलांचा ढीग पडला होता. चाळीस वर्षांत आमच्या आळीत मतं मागण्याखेरीज न आलेली माणसं चपला काढून आत येत होती, सतरंजीवर बसत होती आणि "आमचा नंबर कितवा ओ?" असं दादांना विचारत होती. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. आई तर मडक्याशी नुसती उभी होती. कुणीतरी तिच्याकडे पाणी मागितलं तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली. मग त्या माणसानं स्वतःच तांब्या बुडवून घेतला आणि प्यायला.

भगवंतशेठ आले ते टोपी सारखी करत. त्यांची अकरा मशीन ओळीनं मांडली गेली.

"किती द्यायचं, पोपटराव?" त्यांनी खिशात हात घातला.

"पैसं न्हाईत, शेठ," दादा म्हणाले. "अट हाय."

"फुकटात कसली आली अट?"

दादा उठून उभे राहिले. सभेत उभे राहतात तसे. "ह्या सॉफ्टवेअरचं लायसनच तसं हाय. ज्यानं घेतलं त्यानं म्होरच्याला अडवायचं न्हाई. तुमी हे घेणार, तर तुमच्या क्लासात आमची पोरं बसणार. न्हाईतर बेकायदा. धाड पडंल."

मी हादरलेच. असं काहीही त्या लायसनमध्ये नव्हतं! सॉफ्टवेअरची प्रत पुढे देताना घेणाऱ्याचा हक्क काढून घ्यायचा नाही, एवढंच होतं. क्लास, खुर्च्या, पोरं, आळ्या यांचा त्यात दूरान्वयानंही संबंध नव्हता. दादा थापा मारत नव्हते, ही त्यातली आणखी भयंकर गोष्ट. मी एकदा जेवताना सांगितलं होतं ते त्यांना असंच कळलं होतं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात 'अडवायचं नाही' याचा दुसरा अर्थ निघालाच नव्हता.

भगवंतशेठ माझ्याकडे वळले. "ज्योत्स्ना, तू शिकलेली हायेस. खरं सांग. आसं लिवलंय का त्यात?"

लायसनचे छापील कागद माझ्या हातातच होते, इंग्रजीत. पुण्याची पोरं माझ्याकडे बघत होती, त्यांना सगळं ठाऊक होतं. राजरत्न खांबाला टेकून उभा होता, तो बघत नव्हता. त्याची मान खाली होती. त्याला वाटत होतं की उत्तर आताही तेच येणार.

"लिहिलंय," मी म्हणाले.

"वाच मग."

मी कागद उलटला, त्यातलं खरंखुरं वाक्य शोधलं आणि इंग्रजीत खणखणीत वाचलं. मग मराठीत सांगितलं, "ज्यानं घेतलं त्यानं पुढच्यावर आणखी कसलंही बंधन घालायचं नाही." इथपर्यंत सगळं खरं होतं.

"आन पोरं बसवायची, हे त्यात आलं?"

"आलं."

तासाभरापूर्वीच मी त्याच पटांगणात हात जोडून खोटं न बोलण्याचं शील म्हटलं होतं. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. पुण्याच्या पोरांपैकी एकानं तोंड उघडलं, मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्यानं ते मिटलं.

भगवंतशेठनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. तेवढ्यात मागून गेणभाऊ वैतागून ओरडले, "आरं हो म्हण की, भगवंता! माझा नंबर तुझ्या मागं हाय, उन्हं चढाय लागली!"

लोक हसले. त्या हसण्यात शेठ सापडले.

"बरं," ते म्हणाले. "कबूल."

दुसऱ्या आठवड्यात राजरत्न क्लासात गेला. आम्ही घरात कुणी जेवलो नव्हतो. तो दुपारी परत आला तो घामेजलेला. "बसवलं," एवढंच म्हणाला. मग दादांनी स्वतः उठून सगळ्यांची ताटं घेतली. हळूहळू माझी चौदाच्या चौदा पोरं तिकडे गेली आणि माझी खोली ओस पडली. गणपतीपर्यंत पतसंस्थेनं लिनक्स घेतलं, मग पंचायतीच्या ऑफिसानं. ज्या गावानं नाक मुरडलं होतं ते आता पाहुण्यांना सांगायला लागलं की आमच्याकडं सगळं कायदेशीर असतं.

मला मात्र स्टँडवरून जाताना धाकधूक व्हायची. शेठचा थोरला, ऋषी, पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत होता. त्यानं कधीतरी ते कागद वाचले तर?

दिवाळीच्या आधी भगवंतशेठनं मला भर दुपारी हाक मारली. ते क्लासच्या दारात उभे होते. आत राजरत्न आणि बाकीची पोरं बसली होती, सर्टिफिकेटची परीक्षा आठवड्यावर आली होती.

"म्होरच्या बॅचला शिकवाय येती का? पुण्याहून आणल्याल्या मास्तराला ह्या लिनक्समधलं काय येत न्हाई," ते म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी आवाज खाली आणला. "आन एक सांगतो. ऋषीनं तुझं लायसन तवाच वाचलं, मेळाव्याच्या दुसऱ्या दिशी. पोरं बसवायचं त्यात कुठंच न्हाई."

मी आधी आत बघितलं. राजरत्न कीबोर्डवर वाकला होता.

"मग तुम्ही..." मी म्हणाले.

"मग काय? चार गावांदेखत कबूल म्हनलो व्हतो. आन तुमची पोरं शिकाय बी बरी हायेत." ते हसले. "तू खोटं बोललीस. म्या बी बॅच फुल म्हनून खोटंच बोलायचो. फिटलं म्हनायचं."

तीन वर्षांत ते खोटं होतं असं कुणी म्हणालं नव्हतं. आम्हीसुद्धा घरात दबक्या आवाजात बोलायचो. आणि हा माणूस उघड्या स्टँडवर, उसाचा रस मागवावा इतक्या सहज ते बोलून गेला होता.

"न्हाई फिटलं, शेठ," माझ्या तोंडातून निघालं. "मी एकदा बोलले. तुम्ही तीन वर्षं बोललात. दर वेळी तो घरी येऊन तोंड धुवायचा, रडलेलं कळू नये म्हणून."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी वळून आत राजरत्नकडे बघितलं. मला वाटलं आता चिडतील, पोरांना बाहेर काढतील.

"मग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

भांडायला माझ्याजवळ तीन वर्षांची तयार वाक्यं होती. पण भगवंतशेठ खरोखर उत्तराची वाट बघत होते, म्हणून मी आत राजरत्नकडे बोट केलं. "हे त्याला विचारा," मी म्हणाले.