जुना कोणता

सेतुमाधवांनी खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि लेकाकडे पाठ करून ते बसले.

“हं, वाजीव आतां. कोणता कोणता तें सांगूं नको. मीच सांगतों.”

“सरि, अप्पा,” प्रवीणकुमार मागून नेहमीप्रमाणे तमिळमध्ये म्हणाला, म्हणजे ‘बरं’.

मागे जमिनीवर दोन प्रोसेसर होते. गिटारचा आवाज पालटणारी ही पायाशी ठेवायची यंत्रं. जुना सिंगापूरहून एका आप्ताने आणलेला. त्याच्यावर सेतुमाधवांनी तंजावुरातली निम्मी लग्नं वाजवली होती. नवा लेकाने मित्राकडून मागून आणलेला. मद्रासचं चेन्नई होऊन वर्षच झालं होतं, आणि ज्या वस्तूंसाठी पूर्वी परदेशातल्या नातेवाइकांची मनधरणी करावी लागे, त्या आता तिथल्या दुकानांत राजरोस मांडलेल्या असत.

हे सगळं कोरसवरून सुरू झालं होतं. कोरस लावला की एका गिटारच्या जागी दोघंतिघं वाजवताहेत असं वाटतं, सूर किंचित हलतो. किंचितच हलायला हवा. गेल्या महिन्यात कुंभकोणच्या लग्नात सेतुमाधवांचा सूर इतका डुलला की गाणारी बाई मध्येच थांबली. ऑर्केस्ट्राचा मालक मणी भला माणूस. यंत्र जुनं झालं, एवढंच म्हणाला. मागची पोरं मात्र कुजबुजली की यंत्राला काही झालेलं नाही, अण्णांचे कान गेलेत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

यंत्र बिघडलं तर बदलता येतं. कान बिघडले तर रविवारच्या लग्नापासून ऑर्केस्ट्रातली त्यांची खुर्ची गेली. म्हणून ही परीक्षा त्यांनी स्वतःच मागून घेतली होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला, झोपेतसुद्धा मी माझा प्रोसेसर ओळखेन, असं ते घरात सगळ्यांना ऐकवून बसले होते.

प्रवीणकुमारने एक तुकडा वाजवला. वायर काढली, दुसरीकडे लावली, तोच तुकडा पुन्हा वाजवला.

“फ्लँजर लाव,” सेतुमाधव म्हणाले.

फ्लँजरचा आवाज नळाखाली घागर भरत यावी तसा चढत जातो. ते चढण्याची वाट पाहत राहिले. दोन्ही वेळा घागर अर्ध्यावरच राहिली. जुन्याच्या सुराखाली कायम एक बारीक सळसळ असायची, तिच्यावरून तर तो ओळखू यायचा. आता ती पहिल्यात नव्हती, दुसऱ्यातही नव्हती. त्यांना भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी.

“परत एकदां.”

प्रवीणकुमारने परत वाजवलं. त्याने तक्रार केली नाही, हेही त्यांना खुपलं.

“दुसरा,” शेवटी ते म्हणाले. “दुसराच जुना.”

“हंव, अप्पा,” प्रवीणकुमार म्हणाला. “तोच जुना. तुम्हांस बरोबर कळलं.”

पोरगा मराठीत बोलला होता.

तंजावुरच्या राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीतली पोरं आईबापांचं मराठी ऐकत आणि उत्तर तमिळमध्ये देत. प्रवीणकुमारही तसाच. सेतुमाधवांनी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिलं, तो बधला नाही. त्या पोरांच्या तोंडून मराठी निघायचं ते फक्त अंथरुणाला खिळलेल्यांपाशी, त्यांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून. नागलक्ष्मी आत्या शेवटच्या दुखण्यात होत्या तेव्हा हाच प्रवीणकुमार उशाशी बसून, अडखळत, ‘तुम्ही बऱ्या होतां’ म्हणाला होता.

सेतुमाधव उठले. खुर्ची होती तिथे आणून ठेवली. वायर कोणत्या प्रोसेसरला लावलेली आहे ते त्यांनी पाहिलं नाही. लेक खाली मान घालून गिटारच्या तारा पुसत होता.

घरात उभ्या जन्मात मराठीशिवाय शब्द न काढलेला तो माणूस तमिळमध्ये म्हणाला,

“रविवारी तू वाजव. मणीला मी सांगतो.”