प्रभावतीच्या पसंतीचा टेप

तीर्थपुरी ते जालना काळीपिवळी जीप चालवणाऱ्या सर्जेरावाला स्वतःला गाण्याचा फारसा शौक नव्हता. जीपमधला टेप गाडीबरोबरच आलेला, आणि तो वाजायचा प्रवाशांसाठी. पण दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात अंबडजवळ त्याची जीप एका वरातीमागं अडकली आणि त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात बफर, म्हणजे ठोका घुमवणारा मोठा स्पीकर, शिरला.

शेजारच्या सीटवर त्याची बायको प्रभावती होती. लग्नानंतर काही वर्षांनी तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची आणि स्वतः जरा मोठ्यानं बोलायची. सर्जेराव गाडी चालवता चालवता तिच्याकडं तोंड करून बोलायला लागला की ती डाफरायची, "रस्त्याकडं बघा. घरी गेल्यावर सांगा काय ते."

पुढं वरातीच्या टेम्पोवर बफरचे भलेमोठे खोके लावलेले. त्यातला ठोका जीपच्या पत्र्याला हादरवत होता. प्रभावतीनं आधी डॅशबोर्डवर हात ठेवला, मग तो उचलून छातीवर.

"अवं, ढोलकी वाजून राह्यली का?"

सर्जेराव बघतच राहिला. "तुला कसं कळलं?"

"हितं वाजली ना," ती छातीवर बोट ठेवून म्हणाली आणि हसली.

तसं हसणं त्यानं पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. मागच्या गाड्या बोंबलत राहिल्या, पण वरात निघून जाईपर्यंत त्यानं हॉर्नला हात लावला नाही.

त्याच आठवड्यात तो जालन्यात गाड्यांना टेप बसवणाऱ्या मुख्तारभाईच्या दुकानी गेला आणि बफरचा खोका पुढच्या सीटच्या मागं बसवून घेतला. "पॅसेंजर मागून राह्यलेत," एवढंच सांगितलं. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही, प्रभावतीलासुद्धा.

पण जमेना. ठोका तिच्यापर्यंत पोचावा म्हणून आवाज वाढवला की गायिका किंचाळायला लागायची आणि मागचे प्रवासी कानांवर हात ठेवायचे. आवाज कमी केला की ठोकाच गायब. अंबडला रोज शाळेत जाणारे बद्रीनाथ सर एकदा वैतागून म्हणाले, "सर्जेराव, हा बफर हाय का मळणीयंत्र?"

शेवटी त्यानं प्रभावतीलाच विचारलं, "कसं वाटतंय?"

"गिरणीत उभं राह्यल्यावानी," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिनं घाईनं जोडलं, "चांगलंय पण."

त्या 'पण'मध्ये जे कळायचं ते त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मुख्तारभाईपुढं उभा.

मुख्तारभाईनं टेप बाहेर ओढून त्याची पाठ दाखवली. "बफरमधी खोट न्हाई भाऊ. ह्यो टेप जुन्या जमान्याचा. गाणं आन ठोका एकाच वायरीतून जाऊन राह्यले. एकाला वाढवलं की दुसराबी वाढतो. बफरची वायर वेगळी निघंल आन त्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येईल, असा टेप पाहिजे. पण तुमाला एवढं बारीक कशाला? तुमी तर गाणंच ऐकत न्हाई."

सर्जेराव जरा घुटमळला. मग त्यानं वरातीची सगळी हकीकत सांगितली.

मुख्तारभाईनं कपाळाला हात लावला. "मंग भाभींना आणा ना! बांगड्या एकीला भरायच्या आन माप दुसऱ्याचं घेऊन राह्यले तुमी!"

जालन्याला चल म्हटल्यावर प्रभावतीचं तोंड उतरलं. "कानाचा डॉक्टर असंल तर मी येत न्हाई. लई झाले डॉक्टर."

"डॉक्टर न्हाई गं. दुकान हाय."

दुकानापुढं जीप उभी राहिली. मुख्तारभाईनं पहिला टेप जोडला तो दिसायला असा, की सर्जेराव जागीच विरघळला. निळ्या उजेडाच्या पडद्यावर मासे पोहत होते. गाणं बदललं की मासे उडी मारायचे. प्रभावतीही वाकून वाकून बघत राहिली. मग गाणं लावलं, तसा तिनं सीटवर तळवा टेकला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं मान हलवली.

"मासे छान हायेत. पण ढोलकीवाला काय वाजवून राह्यला ते उमगत न्हाई. सगळं एकच धूंऽऽ."

"ह्याला बफरची वेगळी वायर न्हाई," मुख्तारभाई सर्जेरावाला म्हणाला. "पण गिऱ्हाइकं माशांवर जातात."

त्यानं आतून दुसरा टेप आणला. काळा, साधा, पडद्यावर नुसते आकडे. तो जोडून त्यानं गाणं हळू केलं आणि बफरचा आवाज तेवढा चढवला. पुन्हा थोडा उतरवला. पुन्हा चढवला. प्रभावतीचा तळवा सीटवर होता. हळूहळू तिच्या दुसऱ्या हाताची बोटं सर्जेरावाच्या मनगटावर पडायला लागली. एक जोराचा, दोन हलके, मधे थांबा, परत एक जोराचा.

मुख्तारभाई कान देऊन तिच्या बोटांकडं बघत होता. "बराबर! बिलकुल बराबर!"

सर्जेरावाचं मन अजून माशांत. "तो घेऊन त्याचाच बफर वाढवला तर?"

त्याच्या ओठांवरून प्रभावतीनं ओळखलं. "मासे बघायला तळ्यावर जाऊ," ती म्हणाली. "हाच घ्या."

मग तिनं त्याच्याकडं तोंड वळवलं. "बाई काय म्हणून राह्यली गाण्यात?"

गाणं होतं शेतावरून येणाऱ्या सख्याची वाट बघणारीचं. एक एक ओळ सावकाश, ओठ नीट हलवत, तिच्या डोळ्यांत बघून सांगायची. भर बाजारात, मुख्तारभाईपुढं! सर्जेराव लाल झाला, तरी सांगत गेला. मुख्तारभाईला एकदम पाठीमागच्या वायरी आवरायची आठवण झाली.

नवा टेप लागल्यावर प्रवाशांचे कान सुटले. बद्रीनाथ सर तर अंबडपर्यंत डुलकी काढायला लागले. प्रभावती जेव्हा जेव्हा जीपमध्ये बसे, तेव्हा बफरचं बटण तिच्या ताब्यात.

दिवाळीनंतर पिंपळगाव रेणुकाईला तिच्या भाच्याचं लग्न निघालं. हळदीला वाजंत्री वेळेवर आलेच नाहीत. बाया खोळंबून बसल्या. तेव्हा प्रभावतीच म्हणाली, "आमची जीप लावा मांडवापाशी." मागचं दार उघडलं, टेप सुरू झाला. तिनं चपला काढल्या, हात पत्र्याला लावून क्षणभर उभी राहिली आणि सरळ अंगणात येऊन नाचायला लागली. आधी बायांना कळेचना काय करावं. मग एकेक जण तिच्याभोवती गोळा झाली. ठोका मंदावला की ती जीपला हात लावून यायची आणि पुन्हा घोळक्यात शिरायची.

सर्जेराव कडेला उभा होता. तिनं त्याला मनगटाला धरून ओढलं. सासुरवाडी सगळी बघत होती. त्यानं लाजत लाजत दोन पावलं टाकली, हात वर केले, एक गिरकीही घेतली.

प्रभावती थांबली. त्याच्या पायांकडं बघत ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "अवं, ठेका चुकून राह्यला तुमचा!"