उरलेल्या गोळ्यांचा डबा

दहिवलीच्या घरी तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता हर्षलाला पुन्हा हुडहुडी भरली. कंबर ठणकत होती, लघवीला आग होत होती. सासूने, सोनुबाईंनी, सवयीने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि दोन गोळ्या थोरल्या सुनेपुढे धरल्या.

ही रीत जुनी. पुरुष आजारी पडले की डॉक्टर. त्यांना बरं वाटलं की औषध बंद, आणि उरलेल्या गोळ्या डब्यात, बायकांसाठी. बायकांना शिळं वाढतात हे आपण जाणतो. औषधही उष्टंच देतात, हे मात्र कुणी बोलत नाही.

पण महिन्यापूर्वी धाकटी जाऊ ऋतिका अशीच तापली, तेव्हा दिराने तिला थेट कर्जतला दवाखान्यात नेलं होतं. तिथे नवं मशीन आहे. जंतूंवर कोणतं औषध चालणार नाही, याचं एरवी दोन-तीन दिवस लागणारं उत्तर ते काही तासांत देतं. ऋतिका बरी झाली आणि हर्षला जळू लागली. जावेच्या नव्या साड्या, तिची नोकरी, सगळं तिने सोसलं होतं. जावेच्या तापाचा कुणी हेवा करतं का? हर्षला करत होती.

आज तिने त्या गोळ्या घेतल्याच नाहीत.

"आई, मी ह्या खायाची नाय. ऋतिकाला न्हेलं तिथं मलाबी न्या."

"तिची बरोबरी करतंस व्हय गं? ती नोकरीला जाते!"

"मंग मी काय फुकटची हाय? तिच्या तापाला डाक्टर आन् माझ्या तापाला डबा!"

नवरा, विलास, मान खाली घालून चहा पीत राहिला. शेवटी ऋतिकाच म्हणाली, "चला वहिनी, मी नेते." तिनेच न्यावं, हे हर्षलाला जास्त झोंबलं. तरी ती गेली.

दुपारी कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टर ईशानी मशीनचं उत्तर घेऊन तिच्या खाटेजवळ आल्या. "अशा गोळ्या किती वेळा खाल्ल्या, ताई?"

"ताप आला की. कदी दोन, कदी चार."

"गोळ्या अशा अर्धवट खात राहिल्याने जंतू सरावलेत. त्या गोळ्यांना ते आता दाद देत नाहीत. आजार मूत्रपिंडापर्यंत गेलाय. आजही त्याच खाऊन घरी पडला असतात, तर जिवावर बेतलं असतं. आता लागू पडेल तेच औषध सुरू केलंय."

संध्याकाळी सोनुबाई पेज घेऊन आल्या. स्वच्छ चादर, सलाईन, नाडी बघणारी नर्स, सगळं त्या टक लावून बघत राहिल्या.

"मला कदी कुनी न्हेलं नाय गं," त्या एकदम म्हणाल्या. "जलमभर डबाच खाल्ला. सून बरी व्हतेय, तर मला बरं वाटाया पायजे. पन जीव जलतोय माझा."

हे जळणं हर्षलाच्या चांगल्या ओळखीचं होतं. सोनुबाईंनी पदराची गाठ सोडली. आत सकाळच्याच दोन गोळ्या होत्या.

"ह्या मी घेनार व्हते. मलाबी कालधरनं कसकस हाय."

हर्षलाने त्या गोळ्या काढून घेतल्या आणि नर्सला हाक मारली.

"सिस्टर, आमच्या आईंचीबी तपासनी करा. माझी केली तीच."

वाचकहो, आज घरी फळीवर हात फिरवून बघा. तिथल्या गोळ्या कुणाच्या वाट्याच्या आहेत?