मौन पाळणारी तार

रविवारी सकाळी जिलानीच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. नांदेडातले झाडून सारे आवाजाचे शौकीन सतरंजीवर बसले होते आणि मध्यभागी लातूरहून आलेले 'नादमहर्षी' मनगटाएवढी जाड तार कुरवाळत होते.

"ही तार अकरा दिवस मौनात ठेवली आहे," महर्षी म्हणाले. "स्पीकरला जोडताना तिचं तोंड फक्त गोदावरीकडे पाहिजे."

तारेला तोंड असतं, हे तीस वर्षं विज्ञान शिकवून मला कळलं नव्हतं.

जिलानी माझा शाळेपासूनचा मित्र. नवा अॅम्प्लिफायर आणला की चार दिवस त्याला जेवणाची शुद्ध नसायची. गल्ली म्हणायची, याला खोक्यांचं भूत लागलंय. मीही हसायचो. त्याची बायको रईसा तीन वर्षांपूर्वी वारली. तिचा आवाज म्हणून मागे एकच वाक्य राहिलं, माइक तपासताना चुकून टेपवर आलेलं: "चाय ठंडी हो रई जी, बंद करो ये डब्बा."

ते वाक्य दिवसेंदिवस पुसट होतंय, असं तो दोन वर्षं म्हणत होता. मुलगी इकरा सांगून थकली, "अब्बा, एकदा कान दाखवू."

"सुई पडली तर किती नंबरची ते सांगतो मी. दोष तारेत हाय," तो तिला झिडकारायचा.

आधी जुन्या तारेवर टेप लागली. जिलानीनं नकारार्थी मान हलवली. मग महर्षींनी आपली तार जोडली, डोळे मिटले, आणि जिलानी रडायलाच लागला.

"बोलली रे अवधूत. रईसा बोलली."

बैठक थक्क झाली. मी मात्र मुद्दाम यंत्राला खेटून बसलो होतो आणि माझं बोट आवाजाच्या बटनावर होतं. ते बटन माझ्या बोटाखाली आपोआप फिरलं होतं. महर्षींचा हात झब्ब्याच्या खिशात होता. मी तो धरून बाहेर काढला, तर मुठीत रिमोट.

"तार काही करत नाही," मी म्हणालो. "आवाज मोठा झाला की माणसाला तो चांगला वाटतो. एवढीच सिद्धी."

हशा पिकला. नाद विटाळला म्हणत महर्षी चपला शोधू लागले. मी खुशीत बटन मूळ जागी आणलं आणि त्याच तारेवर टेप पुन्हा लावली. रईसाभाभी बोलल्या. आम्हा सगळ्यांना शब्दन् शब्द ऐकू आला.

जिलानी तसाच खोक्याकडे वाकून बसला होता. "लाव की," तो म्हणाला. "टेप का लावून न्हाई राहिलास?"

कुणीच हसलं नाही. भोंदूला उघडं पाडायला मी गेलो आणि भरल्या बैठकीत मित्राला उघडं पाडून आलो. याची लाज मला अजून वाटते.

डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आला असता तर कानाच्या मशीनची सवय लागली असती, शब्द कळत राहिले असते. ती दोन वर्षं तारांनी खाल्ली. म्हणून हात जोडून सांगतो, ऐकू कमी आलं तर आधी कान तपासा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता रविवारी बटन मीच फिरवतो, त्याच्या डोळ्यांदेखत. दर महिन्याला ते थोडं पुढे न्यावं लागायचं. परवा ते शेवटाला टेकलं.

"बोलली का?" जिलानीनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "चाय ठंडी हो रई जी."

त्यानं डब्बा बंद केला.