समुद्रसिंहांची पाटी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे. उरुग्वेच्या किनाऱ्यावर, तंबू ठोकायच्या मैदानाच्या फाटकात मी उभा आहे, आणि खरे सांगायचे तर उभे राहून राहून माझा जीव मेटाकुटीला आला आहे.

मी मूळचा इथला नव्हे. कुठल्याशा जहाजाचे वासे समुद्राने वाळूवर आणून टाकले, त्यांतला मी एक. हे मैदान चालवणाऱ्या विल्मारने मला तासले, डांबर फासले आणि इथे पुरले. मग फळ्या कापून बाणासारख्या पाट्या केल्या. एक दीपस्तंभाकडे, एक ताडबनाकडे, एक वाळूत रुतलेल्या फुटक्या जहाजाकडे, आणि सर्वांत खाली, पोरांना दिसावी म्हणून, समुद्रसिंहांच्या खडकांची. तिच्यावर त्याने एक मिशाळ समुद्रसिंह रंगवला.

"थेट तुझा भाऊ दिसतोय," त्याची बायको निबिया म्हणाली.

"माझा कशाला? तुझाच की."

उन्हाळ्यात इथे तंबूंचे गाव वसे. बगलेत थर्मास आणि हातात 'माते' नावाचा इथला कडू चहा घेऊन माणसे माझ्यापाशी थांबत, वाट बघून घेत, माझ्यावर ओले टॉवेल टाकत, फोटो काढत. दर डिसेंबरला, आमचा उन्हाळा लागतो तेव्हा, पहिला तंबू उभा राहायच्या आत, विल्मार पाना घेऊन येई आणि माझे सगळे नट आवळी. "आता बघू वारा काय करतो ते," असे म्हणून पाठीवर थाप मारी. त्या थापेवर माझे वर्ष निघे.

विल्मार गेला आणि पाना स्वयंपाकघरात खिळ्याला अडकला. तो नुसता दिसला तरी निबियाचे डोळे भरत, म्हणून कुणी त्याला हात लावीना. कारभार मुलीकडे, यामिलाकडे आला. लोक फोनमध्ये वाट बघू लागले. माझा रंग उडाला, पाट्या खिळखिळ्या झाल्या. शेवटी यामिलाने पत्र्याचा चकचकीत फलक मागवला.

"हा खांब रविवारी मांस भाजायला घेऊ," ती म्हणाली. "जुनं लाकूड आहे, निखारे झकास पडतील."

मला वाईट वाटले नाही, मित्रांनो. सुटलो, असेच मनात आले.

शनिवारी पहाटे नैऋत्येचा वारा सुटला. खालच्या पाटीचा नट ढिला झाला आणि ती गर्रकन फिरून वाळूच्या टेकड्यांकडे तोंड करून थांबली. थोड्याच वेळात मिकाएला नावाची चिमुरडी एकटीच आली. आई तंबूत झोपलेली होती. पोरीने समुद्रसिंहाच्या मिशांवरून बोट फिरवले, पाटी जिकडे वळली होती तिकडे पाहिले आणि चालू लागली. तिकडे खडक नाहीत. तिथे मोठी माणसेही वाट चुकतात. मला तोंड नाही. तिची लाल टोपी दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिलो. इतका थकलेला मी, पण पाय असते तर त्या क्षणी धावलो असतो.

मग पोर हरवल्याचा एकच हलकल्लोळ उठला. सगळे पाण्याकडे आणि खडकांकडे पळाले. निबिया तेवढी माझ्यापाशी थांबली. तिने पाटी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"यामिला, टेकड्यांकडे बघ! पोर तिकडे गेली असणार."

इतक्यात दुरून टाळ्या ऐकू आल्या. आमच्याकडे हरवलेले मूल सापडले, की ज्याला सापडले तो त्याला खांद्यावर घेऊन टाळ्या वाजवतो. ऐकेल तो वाजवू लागतो, आणि आईच्या कानी पडेपर्यंत कुणी थांबत नाही. टेकड्यांपलीकडच्या टाळ्या किनाऱ्यावर आल्या, किनाऱ्यावरून तंबूंत आल्या. मिकाएलाची आई खडकांवरून रडतच धावत आली. चुरोस, म्हणजे तळलेल्या गोड कांड्या, विकणारा एल्व्हियो पोरीला खांद्यावर घेऊन येत होता.

"बाई, ही घ्या तुमची राणी," तो म्हणाला. "माझे चुरोस खाऊन वर विचारते, समुद्रसिंह कुठायत."

"पाटीनंच सांगितलं इकडे जा म्हणून," मिकाएला म्हणाली.

यामिला माझ्याकडे वळली. "आजच जाळते याला."

निबिया आत गेली आणि खिळ्यावरचा पाना घेऊन आली.

"जाळायचाच तर आधी आपल्या दोघींचा आळस जाळ. त्यानं काय स्वतःचे नट स्वतःच आवळायचे?"

यामिलाने पाना घेतला आणि नटाला लावला. ढिले झालेले नट गंजून होते तिथेच अडकले होते. खाण्याचे तेल ओतून मायलेकी दोघी पान्याला लोंबकळल्या, तेव्हा कुठे ते फिरले. समुद्रसिंहांची पाटी पुन्हा खडकांकडे वळली. निबियाने माझ्या पाठीवर थाप मारली. ती विल्मारची नव्हती, हलकी होती, पण तेवढी मला पुरली.

मित्रांनो, मी अजूनही थकलेलोच आहे. पत्र्याचा फलक आला, तो पलीकडे उभा आहे; त्याचा मला राग नाही. तुमच्या दारातही माझ्यासारखे कुणी मुकाट्याने उभे असेल. त्याला जाळायच्या आधी एकदा पाना घेऊन त्याच्यापाशी जा.

काल पुन्हा नैऋत्येचा वारा सुटला. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. पाटी हलली नाही.